वापरात नसलेली एकतीस माणसं

२ जून, सोमवार
प्रिती मॅडमनी सिक्युरिटीचं काम माझ्याकडे दिलं. माझं प्रोबेशन तीस तारखेला संपतंय. त्याआधी काहीतरी करून दाखवा म्हणाल्या. दाखवतोच. गोदीतला माल सोडवून देणारं माझगावातलं हे क्लिअरिंगचं ऑफिस म्हणजे धर्मशाळा. उठला सुटला त्याला सॉफ्टवेअरचा अ‍ॅक्सेस!

३ जून
रिपोर्ट काढला. (माझ्या हाताखालच्या अनुजाने काढून दिला.) बत्तीसपैकी एकतीस लॉगिन सहा महिन्यांत एकदाही वापरलेली नाहीत. फुकटे लेकाचे. दिवसभर कीबोर्ड बडवतात ते काय, माश्या मारायला? यादीत मीही आहे, पण माझी गोष्ट वेगळी. मी लॉगिन करत नाही, अनुजाकडून करवून घेतो.
एकटा रघुवीर परब रोज नऊ ते आठ हजर. असा एक तरी माणूस आहे म्हणून कंपनी चाललीय. त्याला चहा पाजायचा.

संध्याकाळी
परब तीन वर्षांपूर्वीच रिटायर झालेत. म्हणजे चोर!

४ जून, सकाळी ६.३०
शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर परबांना गाठलं. म्हणाले, अरे बाबा, सेंडऑफला तुम्ही शाल-श्रीफळ दिलंत, मी सगळ्या ऑफिसला माझा पासवर्ड दिला. सगळे हक्क माझ्याच नावावर, नवे मागायला फॉर्म कोण भरणार? मला तर मेलसुद्धा नातीकडून उघडून घ्यावा लागतो.
या वयातही काय सराईत थापा मारतात!

५ जून, ११.१०
अनुजा म्हणाली, सर, आधी सगळ्यांना विचारू या. हिला काय कळतंय! तिच्या खुर्चीत बसून एकतीसही बंद केली. शेवटी परब. बटण दाबताच स्क्रीनने मलाच बाहेर काढलं. टुकार सॉफ्टवेअर.

११.२५
ऑफिसात टाचणी पडली तर ऐकू येईल. याला म्हणतात शिस्त.

१२.००
चौदा कंटेनर गोदीत अडकले. गोदीचं काम बघणारा प्रफुल्ल सगळ्यांसमोर ओरडला, काय रे, डोकं फिरलंय काय तुझं? कागद कोण काढणार, तुझा बाप? कामचुकारांना निमित्तच हवं असतं.

६ जून
बाहेरून इंजिनिअर बोलवावा लागला. प्रिती मॅडमनी नियम केला: प्रत्येकाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा, मंजुरी अनुजा देणार. कल्पना मूळची माझीच. अर्ध्या तासात सगळ्यांना अ‍ॅक्सेस मिळाला, शिपाई राजारामलासुद्धा. तो आवक-जावक बघतो म्हणे.
प्रोबेशनचं विचारलं. मॅडम म्हणाल्या, आधी तुमचा अर्ज येऊ दे.
अर्जात प्रश्न एकच: अ‍ॅक्सेस कोणत्या कामासाठी हवा?

सायंकाळी ६.००
रकाना अजून कोराच आहे.