रद्दीत गेलेले नऊ अल्बम

मी, इंदिराबाई पितांबर भदाणे, वय ६९, सेवानिवृत्त आरोग्य सेविका, राहणार अमळनेर, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. त्याबद्दल धुळ्याच्या मनोविकारतज्ज्ञांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मी मागितला नव्हता. मला वेड लागले असे ठरवून माझा मुलगा भूषण मला तिकडे घेऊन गेला होता. डॉक्टर त्याला म्हणाले, "आजी रोज चालतात, फोटो काढतात. यात आजार कुठला?"

१. अमळनेरचे राहते घर माझ्या पगारातून बांधलेले, स्वकष्टार्जित आहे. यजमान कै. पितांबर यांचा संबंध दारावरच्या पाटीपुरता.

२. एकतीस वर्षे लसींचा डबा घेऊन मी गावोगाव धावले. रस्ता कधी पाहिला नाही, घड्याळ पाहिले. निवृत्त झाल्यावर कॅमेरा घेतला आणि रोज सकाळी हळू चालू लागले. एका गल्लीला एक तास. ओट्यावर वाळणारी डाळ, सायकलच्या सीटला बांधलेली पिशवी, नळाखालची हंड्यांची रांग. आधी उभे राहायचे, नीट पाहायचे, मग एकच फोटो. माझे दीर बन्सीलाल यांनी भर चौकात हटकले, "वहिनी, नळना फोटू काय काढी ऱ्हायनी? बठ्ठा गाव हासी ऱ्हायना!" सबब त्यांनी माझ्या उत्तरकार्यात पुढे पुढे करू नये.

३. माझ्यासोबत चालायची ती एकटी भागाबाई. गल्लीतच, आमच्या उजवीकडे तिसऱ्या दारात राहायची, पापड लाटायची. "अक्का, थांब. हाई देख," म्हणून मला न दिसलेले दाखवायची. तिचाही मी एकच फोटो काढला. दारात उभी, कोपरापर्यंत पीठ, हसते आहे.

४. धुळ्याहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी चालायला गेलेली असताना, भूषणने माझे नऊ अल्बम रद्दीवाल्याला दिले आणि कॅमेऱ्यातले कार्ड पुसून टाकले. विचारले तर म्हणाला, "आई, त्यात आपलं माणूस एकही नव्हतं गं. नुसत्या भिंती आणि चपला." मी तीन रद्दीवाल्यांची दुकाने पालथी घातली. गठ्ठे ट्रकने गेले होते.

पुढच्या महिन्यात भागाबाई वारली. तिची मुलगी रेशमा दारात आली. "मावशी, आईचा तो हसतानाचा फोटो द्या ना. आमच्याकडे आधार कार्डावरचाच आहे."

मी तिला चहा दिला. दुसरे काही देता आले नाही. त्यांच्या भिंतीवर आता आधार कार्डावरचा चेहरा मोठा करून लावला आहे. भागाबाई तशी नव्हती.

५. माझ्या पश्चात हे घर रेशमा निंबा महाजन हिचे. सोन्याची पोत माझी मुलगी पुनम हिची. ती दर रविवारी फोन करते, दहा मिनिटांत ठेवते, पण करते. कॅमेराही रेशमाला. त्यात नवे कार्ड घातले आहे, ते रिकामे आहे. मी अजून चालते, पण फोटो काढवत नाही.

६. भूषणला काही नाही. "नवे अल्बम आणून देतो," एवढेच तो म्हणाला. त्याला माफीही नाही. ती त्याने मागितलेली नाही.

त्याने कोर्टात हरकत घेतल्यास साहेबांनी त्याला एकच विचारावे. या गल्लीत तो बावीस वर्षे वाढला. आमच्या घरातून बाहेर पडले की उजव्या हाताला तिसरे दार कोणाचे? दिवाळीला जळगावहून आला होता तेव्हा मी विचारून पाहिले. "कशाला हवंय तुला?" म्हणाला, आणि गाडीची किल्ली शोधू लागला.

वरील मजकूर मी दोघा साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. मी त्यांच्यासमोर आणि त्यांनी माझ्यासमोर सही केली.

(सही) इंदिराबाई पितांबर भदाणे

साक्षीदार:
१. (सही) छगन बोरसे, फोटो स्टुडिओ, अमळनेर
२. (सही) कोकिळा देवरे, निवृत्त शिक्षिका, अमळनेर

स्थळ: अमळनेर
दिनांक: १९ जानेवारी २०२५