केचप नाकारणारं हॉटेल

तीर्थरूप मामांस,

गेल्या शनिवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी केचपच्या बाटलीचं झाकण 'टप्' करून उघडलं आणि तुमच्या भाच्याचं आयुष्य बदललं. (नमस्कार राहिला. साष्टांग समजावा, मामींनाही. तुमचा गुडघा जिना चढू देतो का? मामींचा खोकला? आमच्याकडे सगळे ठीक. म्हणजे बाबा अजून माझ्याशी आईमार्फतच बोलतात, मी समोर बसलेला असलो तरी.)

आधीच सांगतो, या पत्रात कॉलेजचा विषय नाही. तुम्ही त्याच कॉलेजच्या कचेरीत मोठे कारकून, तेव्हा तुमचा मान राखून लिहितो: जे सर मी समोर उभा असताना मला गैरहजर लावतात, त्यांच्या वर्गात मी पुन्हा पाय ठेवणार नाही. विषय संपला.

विषय तिचा आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला यंत्रांची कंपनी आहे, तिथे ती इटालियन माहितीपुस्तकांचं भाषांतर करते. तीन वर्षं इटलीत राहून शिकून आली आहे. मी चार महिने तिच्या ऑफिससमोर रोज चहा पितोय (चहा मला आवडत नाही, हे तुम्ही जाणताच). शेवटी एक दिवस तीच रस्ता ओलांडून आली आणि म्हणाली, नुसतं उभं राहण्यापेक्षा काहीतरी काम कर. एवढ्या मोठ्या शहरात एक अस्सल इटालियन हॉटेल शोधून दाखव. सापडलं तर मी तुझ्याबरोबर जेवेन. मधेच सोडलंस तर इथला चहा बंद. खूणही तिनेच दिली. केचप मागायचं. जागा अस्सल असेल तर देणार नाहीत.

मला वाटलं, दोन दिवसांचं काम! मामा, पहिल्याच हॉटेलात भिंतीवर तो प्रसिद्ध कललेला मनोरा होता. पण मालकाला कललेलं बघवत नसावं, त्याने फ्रेमच अशी तिरकी टांगली होती की मनोरा ताठ आणि भोवतालचं गाव घसरायला लागलेलं. केचप मागायच्या आधीच टेबलावर हजर. दुसऱ्या ठिकाणी मालकाने छातीवर हात ठेवून सांगितलं, की त्याचा मेव्हणा बोटीवर होता आणि त्याने इटली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. (लांबून. त्या दिवशी धुकं होतं.) चौथ्या हॉटेलातल्या आचाऱ्याच्या मिशा मला अस्सल वाटल्या, तर वाफेने डावी मिशी सुटून पास्त्यात पडली. सहाव्यात मला विचारलं, केचप गोड देऊ की तिखट? सातव्यात माझा तोल गेला आणि मी ओरडलो, "अहो, एकदा तरी नाही म्हणा!" बिचाऱ्याने घाबरून दोन बाटल्या आणल्या. अशी अकरा हॉटेलं झाली. या शहरात माणसाला नकार कुठेही मिळतो, नोकरीच्या मुलाखतीत मिळतो, सरकारी खिडकीवर मिळतो, मला तर वाचनालयातही मिळालाय. केचपला म्हणून कुणी नाही म्हणत नाही!

बारावं हॉटेल टायरच्या दुकानामागे होतं. सहा टेबलं, हाताने रंगवलेली पाटी, भिंतीवर मनोरा वगैरे काही नाही. मी केचप मागितलं. म्हाताऱ्या वेटरचा चेहरा उतरला आणि तो आत गेला. आत भांडं आपटलं. मग आचारी स्वतः बाहेर आला, दाराएवढा माणूस, हातात झारा. "मिळणार नाही! उठा!" त्याने माझी ताटली उचलली, मला दंडाला धरून रस्त्यावर काढलं, आणि पाठोपाठ माझी छत्री आली. एरवी मला कुणी हात लावला असता तर काय झालं असतं, ते तुम्ही ओळखून आहात. पण मी त्या बंद दाराला भर रस्त्यात हात जोडले. इतक्या आनंदाने मी आजवर कुठून हाकलला गेलो नव्हतो.

शनिवारी तिला घेऊन गेलो. वाटभर तिला आचाऱ्याची तत्त्वनिष्ठा ऐकवली. पास्ता आला. पाठोपाठ आचारी आला, मला ओळखलं आणि चक्क ओशाळला. "साहेब, त्या दिवशीचं मनावर घेऊ नका. केचप संपलं होतं हो. सकाळपासून गिऱ्हाइकांना नाही सांगून सांगून डोकं फिरलं होतं. आज डझनभर बाटल्या आणून ठेवल्यात." आणि त्याने तिच्या पुढ्यात एक उघडली. टप्.

भानावर आलो तेव्हा बाटली माझ्या हातात होती आणि मी ती भिंतीवर फेकणार होतो. ती तिने शांतपणे काढून घेतली आणि आपल्या ताटलीवर उलटी केली. भरपूर! "तीन वर्षं, अरे! तीन वर्षं तिकडे कुणी दिलं नाही मला."

मग हा शोध कशासाठी, असं मी विचारलं (आवाज जरा चढलाच). ती म्हणाली, "तुझ्या आई येऊन सांगून गेल्या होत्या. म्हणाल्या, त्याचं मनावर घेऊ नकोस गं, कॉलेज सोडलं तसं हेही मधेच सोडेल. मला बघायचं होतं, कितव्या हॉटेलात सोडतोस."

माझी सख्खी आई, मामा. तुमची सख्खी बहीण! मी अजून सावरलेलो नाही.

तुमचा,
हादरलेला भाचा

ता. क. तिने मला बारापैकी बारा गुण दिले आणि लगेच पुढची अट घातली. दुसऱ्या वर्षाच्या पुनर्प्रवेशाचे अर्ज तुमच्याच खणात असतात ना? एक बाजूला काढून ठेवा. (सरांविषयीचं वरचं वाक्य खोडून वाचावं.) बाबांना मात्र कळू देऊ नका.

ता. क. दुसरा. बाबांना कळलं. पत्र टेबलावर राहिलं होतं. त्यांनी खिशातून प्रवेशाच्या सूचनेचं कात्रण काढलं, घड्या पडून पडून पार विरलेलं, आणि कितीतरी महिन्यांनी थेट माझ्याशी बोलले: "आज शेवटची तारीख आहे, गाढवा." तेव्हा हे पत्र टपालाने येत नाही, मीच घेऊन येतोय. खणाला कुलूप लावू नका. आई म्हणतेय, दोन घास खाऊन जा. बाबा म्हणतायत (पुन्हा थेट मलाच!) की घरात केचप नाही, तू जेवायचा नाहीस. एक पाय चपलेत घालून, कागद दारावर टेकवून एवढं लिहिलं. आता बाहेर पडून हेच दार लावायचंय, तेव्हा लिहिणं थांबवतो.