प्लास्टिकमधले शेअर

बाबा, मंगळवारी काका ऑफिसात येऊन गेले. तुमच्या शेजारच्या लेथवर आयुष्यभर उभे राहिलेले काका. चारकोपहून दोन बस बदलून, गुडघा धरत, अंधेरीला आमच्या दुसऱ्या मजल्यावर चढून आले. लिफ्ट बंद होती. जवळ कंपनीचा लिफाफा होता, तो त्यांनी शर्टाच्या आत घातला होता, घामाने ओला होऊ नये म्हणून कॅरीबॅगमध्ये गुंडाळून. कंपनीच्या कागदाला इतका मान द्यायला तुम्हीच शिकवलंत त्यांना. मला तो लिफाफा बघूनच चीड आली, कारण आतलं पत्र मीच लिहिलं होतं.

तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, तेव्हा आधी कंपनीचं सांगते. चारकोपचा कारखाना राहिला नाही. प्रेशर गेज बनवणं बंद झालं. मोठे साहेब गेल्यावर धाकट्या साहेबांनी कंपनीचं नाव तीनदा बदललं. एकदा त्यात सोलर आलं, एकदा सॉफ्टवेअर, आता जे आहे त्याचा अर्थ मलाही कळत नाही. नाव बदललं की भाव चार दिवस वर जातो आणि पुन्हा खाली बसतो. वर्षानुवर्षं तोटा चालू आहे. दोन खोल्यांचं ऑफिस, सात माणसं, आणि त्यातली मी एक, कंपनी सेक्रेटरी. शेअर बाजाराला पत्रं पाठवायची, सभा भरवायची, भागधारकांची गाऱ्हाणी ऐकायची. मी इथे नोकरीला लागले तेव्हा तुम्ही अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले होतेत. धाकट्या साहेबांनी तुमच्यासमोर माझ्या पाठीवर थाप मारून सांगितलं होतं, आपल्या घरचीच मुलगी आहे.

आता ही घरची कंपनी जुन्या भागधारकांना नवीन शेअर विकायला काढते आहे. म्हणजे ज्यांचे पैसे आधीच बुडालेत, त्यांच्याकडेच पुन्हा हात पसरते आहे. सोबत एक जाडजूड दस्तऐवज असतो, त्यात धोके लिहावे लागतात. ते मी लिहिले. कंपनी तोट्यात आहे आणि राहू शकते. ही कंपनी पुढे चालेल की नाही याबद्दल ऑडिटरलाच शंका आहे. मालकांचे स्वतःचे शेअर बँकेकडे गहाण आहेत. बाजाराची फी थकली, कागद वेळेवर गेले नाहीत, तर शेअरचा व्यवहार थांबवला जाईल, पुढे यादीतून नावही काढतील, आणि मग तुमचा शेअर घ्यायला कोणीही येणार नाही. पानंच्या पानं, बारीक इंग्रजी अक्षरांत. मला वाटलं होतं धाकटे साहेब अर्धं तरी खोडतील. त्यांनी चाळलं आणि हसले. "मॅडम, बिनधास्त लिहा यार. कोण वाचतं हे?" इतका संताप झाला माझा, पण सही करायची होती ती मी केली.

तुम्हीही वाचलं नव्हतंत ना. मी नववीत. आपल्या स्वयंपाकघरात, ओट्याखाली पाट टाकून मी अभ्यास करतेय, आई भाकऱ्या थापतेय, आणि तुम्ही कंपनीच्या पहिल्या शेअरविक्रीचं पुस्तक घेऊन येता. कामगारांसाठी वेगळा कोटा आहे म्हणून तुमचा चेहरा नुसता फुललाय. तुम्ही मोठ्या साहेबांचा फोटो आईला दाखवता. मी डिक्शनरी घेऊन धोक्यांचं पान लावत बसते आणि विचारते, बाबा, इथे तर लिहिलंय की मागची दोन वर्षं तोटा झाला. तुमचा आवाज अजून कानात आहे. "कायदा आहे, सगळ्यांनाच लिहावं लागतं. ज्या मशीनवर हात ठेवून तुझी फी भरतो तिच्यावर शंका घेतेस?" मी पुस्तक मिटलं. तुम्ही त्याच आठवड्यात टूलरूममधल्या बारा जणांचे फॉर्म स्वतः भरलेत, काकांचा सगळ्यात आधी. चांगल्या मनानेच केलंत, पण तुमच्या चांगुलपणाचा मला आजही राग येतो. मोठ्या साहेबांना तुमचे पैसे नकोच होते, त्यांना तुमचा शब्द हवा होता, आणि तुम्ही तो फुकट दिलात.

दरवर्षी सभेला जायचात. बोरिवलीचा हॉल, इस्त्रीचा शर्ट, आणि माइक हातात आला की, "कामगारांतर्फे मी व्यवस्थापनाचं अभिनंदन करतो." कशाबद्दल, बाबा? लाभांश एकदाच दिला होता त्यांनी. तुम्ही खोका घरी आणायचात, वेफर्स, सामोसा, एक बर्फी, आणि बर्फीचे सुरीने चार तुकडे करायचात. मला ती बर्फी आवडायची, हे मान्य करते. आता सभा व्हिडिओवर होते. धाकटे साहेब कॅमेऱ्यासमोर सात मिनिटं बोलतात आणि प्रश्न विचारणाऱ्यांचा आवाज मी बंद करते.

आणि ते लॅमिनेशन! शेअरचे कागद दमट हवेने खराब होतील म्हणून तुम्ही स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे नेऊन ते प्लास्टिकमध्ये बंद करून आणलेत. स्वतःचे आणलेत ते आणलेत, बाराही जणांचे गोळा करून नेलेत, आणि पैसेही स्वतःच्या खिशातून दिलेत. पुढे नियम आला की कागदी शेअर विकता येणार नाही, आधी डिमॅट करा. आणि प्लास्टिक चढवलेला कागद फाटल्यातच जमा. तो सोलायला जावं तर शाई निघून येते. मग डुप्लिकेटसाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, नोटरी, सहीची पडताळणी. तुमची बारा माणसं माझ्या टेबलासमोर ती चकचकीत पानं घेऊन यायची आणि म्हणायची, बघ, तुझ्या बाबांनी किती जपून ठेवायला लावले. अर्ध्यांनी नाद सोडला. काकांनी सोडला नाही. त्यांचे शेअर प्लास्टिकमधून बाहेर आले तेव्हा भाव मातीला मिळाला होता.

तर मंगळवारी काका खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि फॉर्म पुढे केला. "बाय, ह्यां भरूचा की नाय, तां सांग." गावच्या घराचं छप्पर बदलायला ठेवलेले पैसे होते, ते काका यात घालणार होते. कोणीतरी त्यांना सांगितलंय की आता भरलं तर जुनंही भरून निघेल. मी माझं ठरलेलं वाक्य म्हटलं. दस्तऐवजात सगळं लिहिलंय, वाचून निर्णय घ्या, भरा किंवा भरू नका असं मला नियमाने सांगता येत नाही.

काका हसले. "नियम खंयचो? दसऱ्याक मशिनींची पूजा बघूक तुका खांद्यार घेऊन मीच जाय होतंय." मग थोडं पुढे झुकून विचारलं, "तुज्या बापाशीचे शेअर आसत मा अजून?"

मी फॉर्मची घडी घालून तो त्यांच्या हातात परत दिला. त्यांनी आपणच मान हलवली. "मगे झाला. तुमी ठेवलास तर आमी भरतंव." आणि उठले. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. जपून उतरा, म्हटलं.

तुमचे शेअर मी विकलेत, बाबा. तीन वर्षांपूर्वी, दुसऱ्यांदा नाव बदलून भाव वर गेला होता तेव्हा. डुप्लिकेट काढून, नियमाने परवानगी घेऊन, सगळं रीतसर. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्यातून झालं. तिला मी बँकेतले पैसे म्हणून सांगितलं.

फॉर्म भरायची उद्या शेवटची तारीख आहे. तीन दिवस मी स्वतःला समजावत होते की ते माझं कामच नाही. म्हाताऱ्या माणसाने असल्या कंपनीत पैसे घालू नयेत हे सांगायला सरकार आहे, बाजार आहे, ऑडिटर आहे, त्यांचा मुलगा आहे. शेवटी आज संध्याकाळी चारकोपला गेले. काकू कोलंबी सोलत होत्या, काका गॅलरीत बसले होते. कंपनीबद्दल एक अक्षर न बोलता मी एवढंच सांगितलं, की काका, आमच्याकडे बाबांचे शेअर नाहीत, आम्ही विकले. याला कुठल्याही नियमाची आडकाठी नव्हती. मंगळवारीही नव्हती.

त्यांनी विचारलं, "कधी इकलंस?" मी सांगितलं. "तेवा मी तुज्याकडे कागद घेऊन येय होतंय," म्हणाले. मी हो म्हटलं. ते आत गेले, फॉर्म आणला आणि माझ्या हातात दिला. काकू जेवून जा म्हणाल्या. काका म्हणाले, तिका जावंदे, उशीर झालो.

रिक्षात बसल्यापासून मी तुमच्याशी भांडतेय. तुम्ही आंधळे होतात, साहेबांच्या गोड बोलण्याला भुललात, बारा घरांना सोबत ओढलंत. हे सगळं खरं आहे आणि यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. पण तुम्ही त्यांच्याआधी बाहेर पडला नसतात.

काकांनी विचारलं नाही, म्हणून त्यांना सांगितलं नाही, ते इथे लिहिते. डुप्लिकेट द्यायला कंपनीची मंजुरी लागते, आणि त्या फाइली माझ्याकडे येतात. मी विकत होते त्या आठवड्यांत आपला शेअर घेणारे बाजारात मोजकेच होते. आणखी कोणी विकायला काढले असते तर भाव पडला असता आणि माझे तसेच राहिले असते. काकांची फाइल पूर्ण होती, फक्त माझी सही हवी होती. तुमचे शेअर विकून होईपर्यंत मी ती खणात ठेवली.