एका लाइनची दोन ड्रॉइंग

७ जुलै, सोमवार
एका कंपनीची वाफेची पाइपलाइन मिळाली. माझ्या शेडच्या नावावर पहिलं काम. बावीस वर्षं धनराजशेठच्या नावाखाली राबले, आता त्याने बघत बसावं.
कंपनीचा इंजिनीयर सुयश ड्रॉइंग देऊन गेला. म्हणे, काकू, हे स्ट्रेसचं आयसोमेट्रिक. पाइप तापल्यावर किती लांबते, सपोर्ट कुठे लागतात, त्याच्यासाठी. तुम्ही सपोर्ट तयार ठेवा. फॅब्रिकेशनचं शुक्रवारी आणतो, कापायचं त्यावरून.
लाइन एक, ड्रॉइंग दोन. शिकलेल्यांना कागद लय लागतो.
ठरलं. शुक्रवारी तो येईल तेव्हा लाइन जोडून दाखवायची.

८ जुलै, मंगळवार, सकाळी
माझा फिटर दिनेश पेठला, त्याच्या गावी गेला, भाताच्या आवणीला, रोपं लावायला. दरवर्षी जातो. यंदा नव्हतं जायचं. जाताना म्हणाला, ताई, ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बघा तेवढं. याने मला ड्रॉइंग बघायला शिकवावं. शाळा चौथीपर्यंत झाली, पण पाइप मला कळते.

मंगळवार, दुपारी
नव्या कामाची पूजा केली. कटरला हळद, नारळ, ड्रॉइंगवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक. कोपऱ्यात कायतरी खरडलेलं होतं, त्यावरच काढलं. मधली लाइन खराब व्हायला नको. पूजा झाल्यावर काम थांबवत नसतात. पहिली पाइप कापली.

९ जुलै, बुधवार
जॉइंटचे नंबर दहा, वीस, तीस. मधले कुठे गेले? इंजिनीयरला मोजायचाही कंटाळा.
प्रत्येक नंबरला कापली. लिहिलेल्या मापाने, सुताचा फरक नाय. ग्राइंडिंगवाली भागीबाई म्हणाली, बाई, सपोर्टवर कशाला कापता, तिथे तर पाइप सरळच जाते. म्हटलं, तू ग्राइंडर धर. म्हणे, धरलाय, आता हीच पाइप परत जोडायला सांगाल.
जास्त बोलते.

१० जुलै, गुरुवार
बेंड लावले तर लाइन वाढली. प्रत्येक वळणाला वीतभर जास्त. बेंड खराब निघाले. दुसरे आणवले. तेही खराब.

गुरुवार, संध्याकाळी
भागीबाई म्हणाली, सोमवारी दिनेशदादाला धनराजशेठचा फोन आला होता. तेव्हा कळलं, हा त्याला फितला. याला सगळं माहीत होतं आणि मला एका शब्दाने बोलला नाय. तिथल्या तिथे फोन लावला. म्हटलं, अठरा वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लंस, आता परत येऊ नको. तिकडून नुसती खरखर, मग कट. उत्तर असतं तर दिलं असतं.

११ जुलै, शुक्रवार
सुयश दुसरं ड्रॉइंग घेऊन आला. त्यात प्रत्येक तुकड्याची कापायची लांबी, वेल्डचे नंबर एक, दोन, तीन, मालाची यादी. एवढं सगळं होतं तर आधी का नाय दिलं?
तुकडे एकेक करून टेपने मोजले. मग म्हणाला, काकू, पहिल्यात वेल्ड नव्हतेच. ते नंबर नुसत्या खुणा होत्या. आणि माप बेंडच्या मधोमध धरलेलं. पाइप कंपनीची होती, आता सलग एक उरली नाही.
बाहेर जाऊन फोनवर बोलला. काम धनराजशेठकडे गेलं. काकू काकू म्हणून गळा कापतात.

१२ जुलै, शनिवार
पहिलं ड्रॉइंग रद्दीत टाकायला घेतलं. कुंकू वाळून झडलं होतं. खाली दिनेशचं अक्षर, लाल पेनाने, मला वाचता यावं म्हणून मोठं मोठं.
ताई, शुक्रवारपर्यंत थांबा. थांबणार नाय माहीत हाय. तर नंबर म्हणजे जॉइंट नाय. माप मधोमध हाय, बेंडचं वजा करून कापा. सोमवारी येतो.
भागीबाई आज म्हणते, धनराजशेठला तो नाय म्हणत होता. म्हटलं, हे गुरुवारी सांगायचं. म्हणे, तुम्ही फोन लावलात, माझं अर्धं तोंडातच राहिलं.
लाल पेनाने लिहायचंच कशाला? कुंकवाखाली दिसतं का? द्वारका चौकातल्या दुकानातून निळं पेन आणलं. आल्या आल्या हातात देते.
सोमवारी येतो, असं स्वतः लिहिलंय त्याने.
पेठकडे रेंज नसते. माझं ऐकू गेलंच नसेल.