शर्यतीचं रीळ

४ मार्च
आलो एकदाचा. संग्रहालयातली नोकरी म्हटलं की लोक हसतात, पण मला हवं तेच मिळालं. जुन्या फिल्मची रिळं साफ करायची, तुटलेली जोडायची, शनिवारी दुपारी तळमजल्यावर दाखवायची. संग्रहपाल बाई दिसतात कडक, बोलतात मऊ. तिकीट खिडकीतले काका पक्के गप्पिष्ट, चहा संपायच्या आत माझं लग्न का जुळलं नाही इथपर्यंत पोचले. आई दहा वर्षांची होईपर्यंत याच गावात होती. फोनवर म्हणाली, शाळेच्या क्रीडादिनाची फिल्म शोध, शर्यतीत माझा एक बूट निघाला होता, तशीच धावले. कितवी आले ते तेवढं बघून सांग.

६ मार्च
रीळ सापडलं. दोन वेण्या, एक बूट, आईच ती. तिसरी आली. सांगितल्यावर रुसली आणि मग खूप हसली. मला फार बरं वाटलं.
रिळात शर्यतीआधी एक मुलगा ढोल वाजवत जातो. तिकीटवाल्या काकांनी ओळखलं, ते स्वतःच. पण यंत्र अडकलं आणि नेमका तेवढा तुकडा दिव्यानं जळला. बाई म्हणाल्या, जळकं कापा, टोकं टेपनं जोडा. नेहमीचीच पद्धत.

७ मार्च
काका नाहीत. खिडकीही नाही, तिथे जुन्या कॅमेऱ्यांचं कपाट आहे. बाई म्हणाल्या, तिकिटं पहिल्यापासून त्याच देतात. मी थट्टा करतोय असं त्यांना वाटलं. मलाही तेच वाटून घ्यावंसं वाटलं.

८ मार्च
पहिला खेळ. दालन गच्च भरलेलं. शर्यतीतच फिल्म तुटली. लोक खोळंबलेले, हाताला सवय, फाटक्या फ्रेम कापल्या, जोडल्या, पुन्हा सुरू. टाळ्या पडल्या.
नंतर आईला फोन केला. ती म्हणाली, "मी शाळेत गेलेच कुठे रे?"
पुन्हा विचारलं, तेच म्हणाली.

९ मार्च
कापलेले तुकडे टोपलीतून काढून परत जोडले. त्यांवर नुसतं मैदान आहे. उरलेल्या फ्रेममध्ये ती अजून धावते आहे. रीळ आता लावायचं नाही. बाईंना म्हणालो, खराब झालंय. त्या म्हणाल्या, शनिवारी शाळेचे जुने विद्यार्थी येणार, दाखवावंच लागेल. मी ते कपाटामागे लपवलं.

१३ मार्च
बाईंना सापडलं. माझ्या माघारी लावून बघितलं, तुटलं, त्यांनीच जोडलं. छान जोडलंय.
आईचा फोन लागेना म्हणून ताईला केला. ताई म्हणाली, आई जाऊन वीस वर्षं झाली, तुला बरं नाही का.
रडू यायला हवं. आलं नाही. जेवलो, भांडी घासली.

१४ मार्च
आता मलाही आठवतंय. अंत्यविधी, ताईनं धरलेला माझा हात. आणि परवाचं तिचं हसणंही— दोन्ही खरं वाटतंय.
उद्या रीळ लावू नकोस. आई त्यात आहे. विसरू—

१५ मार्च
सकाळी बाईंनी तालीम म्हणून रीळ फिरवलं. दोनदा तुटलं, त्यांनी कापून जोडलं म्हणे.
मागच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे, लावू नकोस, आई त्यात आहे. कोणाची ते लिहिलेलं नाही. लोक येऊन बसले होते. लावलं.
खेळ छान झाला. एक मुलगी एकाच बुटानं धावते, सगळे हसले. तिच्यापाशीच फिल्म तुटली. लोक गेल्यावर दुरुस्तीला बसलो. तिच्या दोनच फ्रेम उरल्यात, दोन्ही फाटक्या.

कापल्या. जोड सरळ बसला.
काही वाटत नाही. पेन नीट धरता येत नाही एवढंच—
बाई दारात आल्या. खोलीत कोणी नसताना दिवा कुणी चालू ठेवला, म्हणतात. मी म्हणालो, बाई, मी आहे, मी—