चाचणीच्या शेडमधले चौघे

प्रिय दादा,

परवा जेवताना तू सगळ्यांदेखत म्हणालास, हिचं मनुष्यबळ खातं म्हणजे वाढदिवसाचे केक आणि रजेचे अर्ज. वहिनी हसली, मीही हसले.

गेला आठवडाभर मी केबिनमध्ये नव्हते, हे तुला कळलंही नाही. मी चाचणीच्या शेडमध्ये स्टुलावर बसून होते. तिथले मिस्त्रीकाका चालू पंपाला लाकडी दांडी टेकवतात, दुसरं टोक कानाला लावतात आणि आतलं बेअरिंग कुरकुरतंय का ते सांगतात. मीही लावून पाहिली. नुसती घरघर! काका म्हणाले, ताई, कुणी शिकवलं नाही म्हणून मला दोन वर्षं लागली. शिकवलं तर वर्षात जमेल. तुम्ही आपला चहा घ्या.

असा कान असलेली सहा माणसं आपल्याकडे होती. मागच्या वर्षी त्यातल्या दोघांना आपण बढती देऊन टेबलामागे बसवलं. बक्षीस म्हणून! त्या आदेशावर सही माझीच. एक कंटाळून सोडून गेला, दुसरा फायलींत कुढतोय आणि बिघडून परत आलेल्या पंपांनी गोदाम भरलंय. तू यंत्रांना नावं ठेवलीस; कमी पडले होते ते कान. आता शेडमध्ये उरले चौघे, आणि दोन वर्षांत चौघेही निवृत्त होतील.

नव्या कारखान्याचा तुझा आराखडा मी तीनदा वाचला. छप्पर, वीज, रस्ता, यंत्रं, सगळं चोख. माणसांपुढे एकच शब्द: ‘नंतर’. अरे, यंत्र मागवलं की दोन महिन्यांत दारात येतं. कान कुठून मागवशील? आपला धंदा पंपांवर नाही, त्या चौघांच्या कानांवर उभा आहे. मला वर्ष दे. प्रत्येकाच्या हाताखाली तिघं देते, कुढणाऱ्याला त्याच हुद्द्यावर शिकवायला आणते. मग खुशाल दोन कारखाने काढ.

उद्या संचालकांपुढे तू आराखडा मांडशील, तेव्हा मी उभी राहून विरोध करणार आहे. मीही संचालक आहे आणि माझ्या मताशिवाय तो मंजूर होत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. सख्ख्या बहिणीचा नकार तुला भर बैठकीत कळू नये, म्हणून हे पत्र. चिडायचं तेवढं आजच चिडून घे. उद्या फक्त प्रश्न विचार; मी उत्तरं घेऊन येतेय.

तुझीच, माघार न घेणारी,
धाकटी