डिकीतला खवला

९ मार्च ९७

माजिवड्याचं कार-स्टिरिओचं दुकान उघडून दोन महिने, आणि आज शटरसमोर चक्क जर्मन गाडी! कोलशेतचे जयवंतशेठ. मूळ कोळीवाड्यातले, आता बिल्डिंगा बांधतात. गाडी सेकंडहँड, पण काय चीज आहे! कंपनीची म्युझिक सिस्टीम ठार मुकी. "सगळे डॅशबोर्ड कापायला सांगतात," म्हणाले. म्हटलं, शेठ, कापायला शिंपी वेगळे. आपण न कापता बसवतो.

गाडीत अत्तराचा इतका घमघमाट की शिंका थांबेनात.

बाबांची अट तशीच. पाडव्यापर्यंत दुकान चाललं तर ठीक, नाहीतर मामाच्या ऑफिसात चिकटायचं. आमच्या डोंबिवलीच्या घरात कुणी धंदा केला नाही म्हणे. मग मी करतो!

११ मार्च

रोग सापडला. डिकीत डाव्या कोपऱ्यात, गालिच्याखाली, कंपनीचा ॲम्प्लिफायर. मेलेला. आत हिरवा-पांढरा बुरा. वय झालं, दुसरं काय. कंपनीचा डेक त्याच्याशिवाय कुणाशी बोलत नाही, म्हणजे सगळंच नवं. डेक, ॲम्प, स्पीकर. नवा ॲम्प जुन्याच जागी. जर्मन इंजिनिअरने डोकं लावूनच जागा निवडली असणार ना.

१४ मार्च

झालं! डॅशबोर्डवर ओरखडा नाही. कॅसेट लावली, शेठ डोळे मिटून बसले. "वर्षाची गॅरंटी," मी छाती ठोकून. शेठ म्हणाले, "आमच्या कोलशेतात गाड्या बऱ्याच आहेत, पाठवतो."

आई विचारत होती, एवढा का नाचतोयस.

२९ मार्च

शेठची सिस्टीम बंद.

शेठ दारात, सोबत दोन दोस्त, दोघांच्याही गाड्या. "गॅरंटी बोललेलास ना रे?" ॲम्प उघडला. तोच हिरवा बुरा, एवढ्यात! आणि बुडाला चिकटलेला माशाचा खवला. नखाएवढा, चमकणारा.

मान वर केली तर शेठ माझ्याकडेच बघत होते. चेहरा पडलेला. तेव्हा अत्तराचं कारण कळलं. डिकीतून मासे जातात, बर्फाचं खारं पाणी गालिच्याखाली मुरतं, आणि दोस्तांना ते कळायला नको.

खवला मुठीत दाबला. "चूक माझी. जागा चुकली. बदलून देतो."

"मग आपण मुंबईतच बघू," एक दोस्त म्हणाला. दोघं निघाले. खरं कारण एका वाक्यात सांगितलं असतं तर माझं नाव वाचलं असतं. जाम राग आलाय, शेठचा की स्वतःचा... पण जागा खरंच चुकली. आंधळेपणाने कॉपी मारली मी.

३ एप्रिल

ॲम्प पुढच्या सीटखाली, उंचावर. तारा सगळ्या वरून ओढल्या. आता डिकीत खाडी आली तरी हरकत नाही.

शेठ एकटे आलेले. हळूच म्हणाले, "आय ऐकत नाय रे. बाजारात म्हावरा आपल्याच गाडीतून जाणार बोलते." म्हटलं, जाऊ दे की. दोस्तांनी मला कसं सोडलं तेही बोललो. शेठ म्हणाले, "सांगतो आयला."

५ एप्रिल

कमाल! जर्मन गाडी थांबली, गाणं फुल आवाजात. पुढच्या सीटवर शेठची आय, नऊवारी, अंबाडा, नाकात नथ. मागे ते दोघं दोस्त, शाळेतून धरून आणल्यासारखे. शेठ ड्रायव्हिंगला, कान लाल.

"पानी माजे म्हावऱ्याचा," आय कडाडली. "या पोराचा नाव कनाला खराब करताव? गारी मंजे काय देवारा हाय, म्हावरा नेला त बाटला?"

शेठ खो खो हसत सुटले. एका दोस्ताने आपल्या गाडीची किल्ली दिली, घरून उचलून आण म्हणाला. दुसरा म्हणतो, पाडव्यानंतर बघू.

जाताना आयने मला दम भरला, "डिकी माजी ना आता?" "तुमचीच, मावशी." माझ्या आईसाठी सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची पुडी. आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही! पण नको कोण म्हणणार? माझी तरी हिंमत नाही झाली.

८ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. बाबा, "मग, मामाला काय कळवू?"

"आधी दुकान बघायला चला, मग कळवा."

त्यांनी नाक मुरडलं. "तुझ्या पिशवीला कसला वास येतोय रे?"

"धंद्याचा."

बाबा उठले. फोनपर्यंत गेले, परत आले. आता चपला घालतायत. फोन अजून केलेला नाही.